ताप, गोळी आणि घरचे निदान

घरात कोणाला ताप आला की आपल्याकडे आधी औषधांचे कपाट उघडते. गेल्या वेळच्या उरलेल्या गोळ्या, शेजारच्या मावशींनी सुचविलेला आयापानाचा काढा आणि हल्ली मुलांनी मोबाइलवर शोधलेले निदान. डॉक्टर सर्वांत शेवटी. काढ्याशी आमचे भांडण नाही. भीती वाटते ती गोळ्यांची.

२००५-०६ साली चिकुनगुन्याने आपले बेट हैराण केले. २०२४ साली डेंग्यू पसरला आणि २०२५ मध्ये चिकुनगुन्या परत आला. दोन्ही रोग एकाच जातीच्या डासांमुळे होतात. पहिले दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखीही सारखीच. सांधे धरले म्हणून 'हा चिकुनगुन्याच' असे घरीच ठरवून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतले आणि निघाला डेंग्यू, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. खात्रीचा निवाडा रक्त तपासूनच होतो. पॅरासिटामॉल त्या मानाने बरे, पण तेही बेताने; अति झाले तर यकृताला बाधते.

याहून फसवे म्हणजे ताप उतरणे. डेंग्यूत खरा धोका पुष्कळदा तेव्हाच सुरू होतो. पोटात असह्य दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त. आणि घरची मंडळी मात्र 'ताप गेला, आता कशाला इस्पितळ?' म्हणून निर्धास्त!

सरकारी इस्पितळात पैसे पडत नाहीत. रांग लांब असते हे खरे, आम्हीही तिच्यात ताटकळलो आहोत. पण रक्ताची तपासणी त्या रांगेच्याच टोकाला आहे.