धुळीआड चूल कोणाची?

‘अर्प २२०’ ही दीर्घिका साध्या दुर्बिणीतून म्हणजे एक फिकट डाग. १९८३ मध्ये ‘आयरॅस’ उपग्रहाने ती अवरक्त किरणांत पाहिली आणि तिचे तेज सूर्याच्या लाख कोटी पटींहून जास्त भरले. हे तेज मुख्यतः धुळीचे. धूळ अतिनील किरण शोषून ‘उबदार’ होते (म्हणजे शून्याखाली दोनशेहून अधिक अंश!) आणि ती ऊर्जा दूर-अवरक्त किरणांत बाहेर टाकते.

पण आत चूल कोणाची? नवजात ताऱ्यांची, की वायू गिळणाऱ्या कृष्णविवराची? एकूण उजेडावरून ते कळत नाही. कृष्णविवरालगतची धूळ जास्त तापते, तिचे किरण कमी तरंगलांबीचे असतात. अतिदूरच्या दीर्घिकांत मात्र विश्वाच्या प्रसरणाने तेही ताणले जातात; २० मायक्रॉनचे ६० वर पोहोचतात. ‘जेम्स वेब’ सुमारे २८ मायक्रॉनला थांबते, चिलीतील ‘अल्मा’ साधारण ३०० पासून पुढे पाहते. मधला बराचसा पट्टा वातावरणातील बाष्प अडवते. तिथे पाहणाऱ्या ‘हर्शेल’चे हेलियम २०१३ मध्ये संपले, युरोप-जपानचा ‘स्पायका’ २०२० मध्ये गुंडाळला गेला.

ही काटकसर महागात पडते आहे. विश्वात तारे किती वेगाने घडले, हा हिशेब याच उजेडावरून मांडतात. कृष्णविवराचा वाटा ताऱ्यांच्या खात्यात जमा झाला, तर तो फुगणारच. ‘वेब’च्या देखण्या छायाचित्रांमुळे ही उणीव कुणाला खटकत नाही, एवढेच. २०२४ मध्ये नासाने ‘प्रायमा’ या दूर-अवरक्त दुर्बिणीचा प्रस्ताव अभ्यासासाठी निवडला. पण सोबत एका क्ष-किरण दुर्बिणीचाही, आणि दोघींपैकी एकच उडवायची, या अटीवर.