रात्रीचं जेवण सोडलं, दिव्याचं काय?



चिंचोळी एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. पावसाळ्यात सकाळी तिथे गेलं की गेटच्या फ्लडलाइटखाली मेलेल्या किड्यांचा सडा पडलेला असतो. वॉचमन तो झाडून टाकतो. यंदा चातुर्मासात मात्र माझा पाय तिथेच थबकला. घरी आपण सूर्यास्तानंतर ताट मांडत नाही, मग ही हिंसा कुणाच्या खात्यात मांडायची?

"दिव्याला भुलतात बिचारे," असं मीही म्हणत आले. पण ते भुलत नाहीत, फसतात. मधमाशी, चतुर, टोळ यांना दोन मोठे संयुक्त डोळे असतात, शिवाय डोक्यावर तीन बारीक साधे डोळे. या साध्या डोळ्यांना फूल-पान स्पष्ट दिसत नाही. उजेड कुठे जास्त, कुठे कमी एवढंच कळतं, पण अगदी झटकन. वर आकाश उजळ, खाली जमीन काळोखी, या खुणेवर उडताना तोल सावरायला त्यांची मदत होते. रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळच असतं.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं की किडे दिव्याकडे झेपावत नाहीत, उडताना त्याच्याकडे पाठ करतात. उजेड तिकडे आकाश, ही त्यांची जन्माची सवय. म्हणून ते दिव्याभोवती घिरट्या घालत राहतात. दिव्याच्या वरून उडणारे तर उलटे होऊन कोसळतात.

माशी, भुंगा, पतंग यांना आपण चतुरिंद्रिय म्हणतो. स्पर्श, रस, गंध यांच्यापुढे त्यांना मिळालेलं चौथं इंद्रिय म्हणजे डोळा. नेमका तोच आपण त्यांच्यावर उलटवतो.

मुलगा म्हणाला, "आई, अंधार केला तर चोरी होईल." बरोबर आहे. पण दिवा काढायचाच नाहीये. आम्ही त्याचं तोंड खाली केलं, वर पत्र्याची झापड बसवली, पांढऱ्याऐवजी पिवळा बल्ब लावला आणि माणूस आला की लागेल असा सेन्सर जोडला. किडे थांबले नाहीत, पण सडा पुष्कळ कमी झाला. वीजबिलही उतरलं, कॉमर्सवाल्या बाईला ते आधी दिसतं!

माझं मत स्पष्ट आहे. रात्रिभोजनाचा त्याग ताटापाशी थांबू नये. आज झोपण्यापूर्वी गच्चीवरचा, अंगणातला, दुकानाच्या पाटीवरचा दिवा एकदा पाहा. गरज नसेल तर बंद करा.