जुने टाके, नवी चिंता

पहिलं मूल सिझेरियनने झालेलं असावं, दुसऱ्या वेळी पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत गर्भात गंभीर व्यंग दिसावं, आणि घरात एकच प्रश्न उठावा, 'आता पुन्हा पोट फाडावं लागणार का?' ग्वाल्हेरच्या लष्करातल्या मराठी घरांतही हे दबक्या आवाजातच विचारलं जातं. म्हणून आज थोडं मोकळेपणाने.

बहुतेक वेळा पोट फाडावं लागत नाही. आधी मिफेप्रिस्टोनची गोळी देतात, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टोल ठरावीक अंतराने देऊन कळा आणतात. पूर्वी आपल्याकडे नळीवाटे गर्भाशयात एथाक्रिडीन लॅक्टेट सोडत, त्यात वेळ फार जाई. भीती असते ती जुना व्रण उसवण्याची. २००९ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सिझेरियन झालेल्यांत हे प्रमाण हजारात तीनच्या आसपास आढळलं. धोका थोडा, पण आहे. शिवाय वार जुन्या व्रणावर रुजली असेल तर रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. म्हणून आधी सोनोग्राफीत वारेची जागा पाहतात आणि रक्त व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच हे करतात.

औषधाच्या दुकानात मिळणारा गोळ्यांचा संच पहिल्या नऊ आठवड्यांपुरताच असतो. पाचव्या महिन्यात तो घरी घेणं म्हणजे जिवाशी खेळ. आपल्या चंबळ-ग्वाल्हेर भागात मुलींची संख्या घटल्यामुळे अशा प्रत्येक स्त्रीकडे संशयाने पाहिलं जातं. मग ती रुग्णालय टाळते आणि दुकान गाठते.

कायदा मात्र तिच्या बाजूने आहे. २००८ मध्ये गर्भाच्या हृदयात दोष असूनही वीस आठवडे उलटल्यामुळे मुंबईच्या एका दांपत्याला उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली होती. २०२१च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये ठरावीक परिस्थितीत दोघांचं लागतं. गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ त्यापुढेही परवानगी देऊ शकतं. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही.

तेव्हा सासूबाईंनी, नणंदेने एवढंच करावं. आधीच्या सिझेरियनचे कागद शोधून द्यावेत, तिच्यासोबत रुग्णालयात जावं आणि किती सिझेरियन झाली ते डॉक्टरांना न लपवता सांगावं. ग्वाल्हेरात कमलाराजा रुग्णालय आहेच, आणि तिथल्या रांगेत कुणीतरी आपलं सोबत असलं की तिला धीर येतो.