तीस वर्षांची रांग आणि सत्तरीचे आईबाप

साठी ओलांडलेल्या माणसाला तीस वर्षांच्या रांगेत उभं करणं म्हणजे त्याला नकार देणंच आहे. तो नकार तोंडाने दिला जात नाही आणि अर्जाचे पैसे मात्र घेतले जातात, याचा मला राग आहे. मी बोलते आहे ऑस्ट्रेलियाच्या पालक व्हिसाबद्दल. माझी मुलगी मेलबर्नजवळ टार्नीटला असते, मी आणि माझे यजमान नाशिकला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून मी निवृत्त झाले. दाखले, ठराव, सेवापुस्तकं यांतच नोकरी गेली, तेव्हा कागदपत्रांना मी भिणारी नव्हे.

निवृत्त माणसांनी गुंतवणूक करून राहायला यावं, असा वेगळा व्हिसा ऑस्ट्रेलियाकडे होता. जून २०१८ मध्ये त्याचे नवे अर्ज बंद झाले. आता आमच्यासारख्यांना मुलांच्या नात्यानेच जाता येतं. साध्या पालक व्हिसाची फी त्या मानाने कमी, पण आज अर्ज करणाऱ्याला तीस वर्षांहून अधिक थांबावं लागेल, असं तिथलं गृहखातंच सांगतं. दुसरा मार्ग ‘कॉन्ट्रिब्युटरी’ पालक व्हिसाचा. त्यात दुसरा हप्ताच माणशी ४३,६०० डॉलरचा, म्हणजे रुपयांत पंचवीस लाखांच्या घरात. नवराबायकोचे झाले पन्नास लाख. शिवाय दहा वर्षांच्या हमीसाठी बँकेत अनामत ठेवायची. एवढं करूनही प्रतीक्षा चौदा-पंधरा वर्षांची. पालकांसाठी वर्षाला जागा साडेआठ हजार आणि रांगेत माणसं लाखाच्या वर, मग दुसरं काय होणार?

त्याआधी मुलांची मोजणी होते. तुमची निम्मी मुलं तरी ऑस्ट्रेलियात स्थायिक हवीत, किंवा इतर कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त हवीत. आम्हाला मुलगी आणि मुलगा अशी दोनच, म्हणून आम्ही बसतो. आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींना तीन मुलं. थोरला अमेरिकेत, मधला पुण्यात, धाकटी सिडनीला. एक-एक-एक. त्या बसत नाहीत. त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरवण्यापासून औषधांच्या वेळांपर्यंत सगळं धाकटीच फोनवरून बघते. अर्जात प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, मुक्कामाचा देश लिहायला रकाने आहेत. आईचं कोण करतं, हे विचारणारा रकाना नाही.

ऑस्ट्रेलियाची बाजू मी समजून घेतली आहे आणि ती खोटी नाही. तिथल्या उत्पादकता आयोगाने २०१६ च्या अहवालात हिशेब मांडला होता, की कायमचा आलेला एक पालक आयुष्यभरात सरकारी तिजोरीला ३,३५,००० ते ४,१०,००० डॉलरना पडतो. दवाखाने, वृद्धसेवा, पेन्शन असा तो खर्च. ज्यांनी तिथे आयुष्यभर कर भरला, त्यांनी हा भार का उचलावा, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. नात पाच महिन्यांची असताना मुलगी कामावर रुजू होऊ शकली, कारण घरात आजी होती. त्या आजीच्या कामाचं मोल कुठल्या खात्यात धरायचं? आणि खर्चाची भीती असेल, तर खर्च आमच्यावर टाका, आम्ही तयार आहोत. त्यासाठी तीस वर्षांची रांग कशाला?

मला ऑस्ट्रेलियाचं पेन्शन नको, नागरिकत्व नको. माझ्यासारख्या बहुतेक आईबापांची हीच भावना असते. नाशिकचं घर मोडायचं नाही, पण नातवंडांजवळ सलग तीन-चार वर्षं राहता यावं, इथे कुणाचं कमीजास्त झालं तर येता यावं आणि परत जाताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये. कॅनडाने हे करून दाखवलं आहे. डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी आईवडील आणि आजीआजोबांसाठी सुपर व्हिसा आणला. तो दहा वर्षांपर्यंत चालतो आणि जुलै २०२२ पासून एका वेळी पाच वर्षं राहू देतो. अट अशी, की किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा उतरवायचा आणि मुलांचं उत्पन्न ठरावीक रकमेपेक्षा जास्त हवं. सरकारवर भार नाही आणि माणसं एकत्र.

ऑस्ट्रेलियानेही २०१९ मध्ये असा तात्पुरता पालक व्हिसा सुरू केला. तीन किंवा पाच वर्षांचा, विमा आपला, नोकरी करायची नाही. कल्पना चांगली, पण दोन गोष्टी तिला मारतात. पाच वर्षांची फी माणशी बारा हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे सात लाखांच्या घरात. निवृत्त शिक्षकाने जोडप्याचे चौदा लाख कुठून आणायचे? दुसरी गोष्ट अधिक जाचक. सगळे मिळून दहाच वर्षं राहता येतं. पासष्टीला गेलेला माणूस पंचाहत्तरीला, नेमका आधाराची गरज लागते तेव्हा, परत पाठवला जाणार. माझं म्हणणं एवढंच आहे, की ही दहा वर्षांची मर्यादा काढा, फी वर्षागणिक घ्या आणि विम्याची अट हवी तेवढी कडक ठेवा. आणि साध्या पालक व्हिसाच्या जागा वाढवायच्या नसतील, तर त्याचे नवे अर्ज घेणं थांबवा.

यात दिल्लीनेही बोलायला हवं. मे २०२३ मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात स्थलांतराविषयी करार झाला. त्यातून तिशीपर्यंतच्या पदवीधरांसाठी वर्षाला तीन हजार जागांची योजना आली. ऑस्ट्रेलियात जन्माने भारतीय असलेली माणसं २०२१ च्या जनगणनेत पावणेसात लाखांच्या आसपास होती. त्या देशाला आपली तरुण मुलं हवी आहेत आणि ती तिथे कर भरताहेत. मग त्यांच्या आईवडिलांच्या दीर्घ मुक्कामाचा विषय पुढच्या बोलणीत टेबलावर यायलाच हवा. मुलांना पाठवताना आपण काय मागितलं, याचा जाब आम्ही खासदारांना विचारला पाहिजे.

तोवर ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांना मोठ्या बहिणीच्या नात्याने सांगते. रांगेतल्या तारखेच्या भरवशावर इथलं घर विकू नका. मेडिक्लेम एका वर्षासाठीही तुटू देऊ नका. तिकडच्या उपचारांना तो बहुधा चालत नाही, पण परत आल्यावर नवी पॉलिसी घ्याल तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, ते जाण्याआधी शिकून घ्या. बँकेच्या खात्यांना वारस लावा. आणि जवळच्या माणसाला मुखत्यारपत्र देताना ते नेमकं कुठल्या कामापुरतं आहे, हे त्यात लिहून घ्या.

ऑस्ट्रेलियाला आम्हाला घ्यायचं नसेल, तर तो त्यांचा अधिकार आहे आणि त्यांनी तसं सरळ सांगावं. घ्यायचं असेल, तर हातपाय चालताहेत तोवर घ्यावं. आमच्या वयाला वर्षं मोजूनच मिळतात, ती कुणाच्याही फायलीत पडून राहता कामा नयेत.