मागीलदारची मिरची



मागच्या आठवड्यात कुडाळहून एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, 'मृगाला हौसेने मिरचीची वीस रोपे लावली. पंधरा दिवस कशी छान तरारली होती. आता रोज सकाळी दोन-तीन रोपांनी मान टाकलेली दिसते. खत घातले, औषध मारले, तरी तेच. तुझ्या हाताला गुणच नाही, असे सासूबाई म्हणतात. काय करू?'

ताई, हाताचा गुण राहू द्या बाजूला. बारा वर्षांपूर्वी मी ह्या घरात आले तेव्हा माझ्या हाताने याहून मोठा पराक्रम केलेला आहे. तो आधी सांगते, म्हणजे तुमचे मन जरा हलके होईल.

माझे माहेर गडहिंग्लजकडचे. संकेश्वरी मिरचीचा मुलूख तो! हंगामात आमच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग लागतात आणि माणसे शिंकत शिंकत सौदे करतात. त्यामुळे मासळीतले मला काही कळत नसले तरी मिरचीतले सगळे कळते, अशी माझी ठाम समजूत. मालवणला सासरी आले आणि पहिल्याच जूनमध्ये मागीलदारी वाफा केला. चांगला सपाट, चारी बाजूंनी बांध घातलेला, माहेरी करतात तस्सा. सासूबाईंच्या फडताळात एका काचेच्या बाटलीत राखेत घोळलेले मिरचीचे बी होते. बोटाच्या पेराएवढी, आभाळाकडे तोंड करून उभी राहणारी, जहाल तिखट अशी ती मिरची. सासूबाई लग्नात देवगडकडच्या आपल्या माहेराहून ते बी पदराला बांधून घेऊन आल्या होत्या आणि तेव्हापासून दरवर्षी ते जपत होत्या. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण मला वाटले, ह्यांना आश्चर्याचा धक्का देऊ. सगळी बाटली वाफ्यात रिकामी केली!

रोपे उगवली, वीतभर झाली. मग लागला आषाढ. तीन दिवस आणि तीन रात्री पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी बांधाच्या आत पाण्याचे तळे आणि तळ्यात आडवी पडलेली रोपे. मी रडकुंडीला आले. सासूबाई पडवीत उभ्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "सगळा घातलंस?" मी मान हलवली. "बरां," म्हणाल्या आणि आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते! दोन दिवसांनी तांदूळ निवडताना आपणहून बोलल्या, "गो बाय, मिरसांग उन्हान मरणा नाय, पाण्यान मरता." (आमच्याकडे मिरचीला मिरसांग म्हणतात.)

तर ताई, तुमच्या पत्राचे उत्तर ह्या एका वाक्यात आहे. गडहिंग्लजला जूनमध्ये मिरची लावतात ती बरोबरच आहे, पण तिथला पाऊस आपल्या निम्म्यानेही नाही. आपल्या सिंधुदुर्गात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. माती दोन-तीन दिवस पाण्याखाली राहिली की मुळे गुदमरतात, कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही म्हणून भर पावसात झाड तहानलेले दिसते. आपण म्हणतो, कोमेजले, जरा खत घालू. तिथेच चूक होते. आजारी माणसाला श्रीखंड-पुरी वाढण्यासारखे आहे ते.

आता जी रोपे उभी आहेत ती वाचवायची असतील तर आजच वाफ्याचा बांध फोडा आणि दोन ओळींच्या मधे चर खणून ती माती रोपांच्या बुंध्याशी ओढा. खत बंद. कुंडीत असतील तर कुंडी विटांवर ठेवा आणि खालचे भोक बुजले नाही ना ते काडी घालून पाहा. आणखी एक. पावसापासून वाचावी म्हणून आपण कुंडी वळचणीला नेऊन ठेवतो. पण कौलांची पागोळी थेट कुंडीत पडत असेल तर ते उघड्यावरच्या पावसापेक्षा वाईट. पागोळीच्या आत तरी ठेवा, नाहीतर चांगली लांब तरी.

मात्र पाणी साचत नसतानाही हिरवेगार झाड एकाएकी माना टाकत असेल तर एक परीक्षा करा. झाड उपटून खोड बुंध्याशी आडवे कापा आणि ते टोक काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात न हलवता धरा. थोड्या वेळात कापातून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात उतरताना दिसला तर तो मातीतल्या जिवाणूंचा मर रोग समजावा. त्यावर घरगुती उपाय नाही. ते झाड जाळून टाका आणि त्या जागी निदान तीन वर्षे मिरची, वांगी, टोमॅटो, बटाटा यांपैकी काही लावू नका. ही सगळी एकाच कुळातली भावंडे. एकीचा रोग दुसरीला लागतो.

पावसात मिरची होतच नाही असे मात्र नाही हं. शेजारच्या गोव्यात काणकोण तालुक्यात खोला गावाची मिरची आहे, ती पावसाळ्यातच पिकते. पण कुठे? डोंगराच्या उतारावर, जिथे पाणी क्षणभर थांबत नाही. आणि पेडण्याकडची हरमलची मिरची पाऊस सरल्यावरची. दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपल्या मागीलदारी डोंगर कुठून आणायचा? तेव्हा आपण हरमलचा मार्ग धरावा हे उत्तम.

सासूबाईंचे कॅलेंडर असे आहे. गणपती आले की बी टाकायचे, दसरा ते दिवाळी ह्या दरम्यान रोपे लावायची, संक्रांतीच्या सुमारास पहिला तोडा आणि मग मे अखेरपर्यंत आठ-दहा दिवसांनी एकेक तोडा. भाताची कापणी झाली की शेतकरीही त्याच सुमाराला मळ्यात मिरची लावतात, ते काय उगाच?

बी टाकायला तेलाचा जुना डबा आडवा कापला तरी पुरतो. तळाला भोके, त्यावर खापऱ्या, मग माती, जुने शेणखत आणि थोडी वाळू. बी बोटभर अंतरावर आणि अगदी वरवर टाका. खोल गेले की ते वर येत नाही. दाट तर मुळीच नको. दाट रोपे बुंध्याशी कुजून आडवी होतात. डब्याभोवती राखेची रेघ ओढा, नाहीतर मुंग्या बी वेचून नेतात आणि आपण दुकानदाराला दोष देतो. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. पाच-सहा आठवड्यांत रोप वीतभर झाले की दीड ते दोन फुटांवर लावा, संध्याकाळच्या वेळी. निदान पाच-सहा तास ऊन हवेच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मैत्रिणींना दहा-बारा इंची कुंडीत एक रोप लावता येते. एकाच कुंडीत तीन लावून तीनपट मिरच्या मिळत नाहीत, मी करून पाहिले आहे.

आपली तांबडी माती आंबट असते, तेव्हा चुलीची राख तिला मानवते. आमच्याकडे सुंगटांची सालेही खड्ड्यात पुरून कुजवतात. वर नुसती टाकलीत तर रात्रभर वाडीतल्या मांजरांचे संमेलन भरेल! अगदी किनाऱ्याजवळ घर असेल त्यांनी एप्रिल-मेमध्ये विहिरीचे पाणी चाखून पाहावे. मचूळ झाले असेल तर मिरचीच्या पानांच्या कडा करपतात आणि आपण रोग रोग म्हणत बसतो. न्हाणीचे साबणाचे पाणीही मिरचीला नको, ते केळीला जाऊ दे.

कीड-रोगांत मुख्य त्रास म्हणजे पाने चुरमडणे. कोणी चुरडा-मुरडा म्हणतात, कोणी बोकड्या. फुलकिडे आणि कोळी ही बारीक कीड पानांतला रस शोषते म्हणून पाने वळतात, आणि पांढरी माशी तर विषाणूच पसरवते. निंबोळीचा ५० ग्रॅम चुरा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, पानांच्या खालच्या बाजूला फवारा. आपल्याकडे कडुनिंब कमी, पण निंबोळी पूड विकत मिळते. एखाद्या झाडाचा शेंडा फारच बारीक, झुपकेदार झाला तर त्याचा मोह सोडा आणि उपटा. बाकीची वाचतील.

आता बियाचे. माझ्या त्या पराक्रमानंतर सासूबाईंनी आपल्या भावजयीला निरोप धाडला. लग्नानंतर दोन-चार वर्षांनी त्यांनीच तिला मूठभर बी परत दिले होते, ते तिथे टिकून होते. भाद्रपदात एस.टी.ने पुडी आली. ह्या वेळी बी सासूबाईंनी टाकले, मी नुसती झारी धरली. त्या वर्षी मिरच्या सुरेख आल्या. पण माझी खोड जाते कुठे! त्याच ओळीत मी बाजारातल्या लांब मिरचीची चार रोपे लावली. त्या बियातून पुढच्या वर्षी जी झाडे झाली त्यांतल्या तिघांच्या मिरच्या उभ्या राहायच्या सोडून खाली लोंबायला लागल्या! सासूबाईंनी हात लावून पाहिले. "ही आमची न्हय," म्हणाल्या.

मिरचीचे फूल बहुधा स्वतःच्याच परागावर फळते, पण मधमाश्या एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात आणि संकर होतो. गंमत म्हणजे त्या वर्षीच्या मिरचीत काही कळत नाही, तिचे बी पेरले की दुसऱ्या वर्षी उघड होते. म्हणून आता मी काय करते सांगते. दोन निरोगी झाडांच्या एकेका फांदीवर कळ्या उमलण्यापूर्वीच जुन्या मलमलची पिशवी बांधते आणि रोज सकाळी फांदीला टिचकी मारते, म्हणजे पराग आतल्या आत पडतो. फळे धरली की पिशवी काढून त्या फळांना रंगीत दोरा बांधायचा, म्हणजे कोणी चुकून आमटीत टाकत नाही. पण ती लाल व्हायला लागली की पुन्हा पिशवी! कारण बुलबुल. पाखरांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. माझ्या दोरा बांधलेल्या सहा मिरच्या एका सकाळी त्यांनी चहाआधी संपवल्या.

झाडावरच पूर्ण लाल झालेली मिरची तोडून सावलीत वाळवा, बी काढा, पुन्हा चार दिवस सावलीतच सुकवा आणि कोरड्या राखेत घोळून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. आपल्या दमट हवेत ते दोन वर्षांपलीकडे भरवशाचे राहत नाही, तेव्हा दरवर्षी थोडे तरी नवे धरा. बी काढताना हाताला तेल लावायला विसरू नका. तिखट खरे असते ते बियांत नव्हे, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात, आणि ते पाण्याने सुटत नाही. हात भगभगले तर आधी तेल चोळा, मग साबण. पोराने चावली तर पाण्याऐवजी दही किंवा दूध द्या.

विकतचे बी घ्यायचे असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण कीर्ती' आपल्याच हवेसाठी काढलेली जात आहे. ज्वालाही चांगली येते. हिरव्या मिरचीसाठी पाच माणसांच्या घराला आठ-दहा झाडे पुरतात. पण वर्षाचा मालवणी मसाला मागीलदारच्या मिरचीत भागेल ह्या भ्रमात राहू नका. रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी विकतच आणावी लागते. (संकेश्वरीची निवड आमच्या घरात मीच करते, तेवढा मान अजून शाबूत आहे.) घरची लाल मिरची मात्र वळवाचे ढग यायच्या आत कडकडीत वाळवून घ्या. हलवली की आत बी खुळखुळले पाहिजे. पावसात बुरशी धरलेली मिरची पुसून वापरू नका, सरळ टाकून द्या.

कुडाळच्या ताई, तुमची वीसपैकी पाच जगली तरी आनंद माना, आणि एकही जगले नाही तरी गणपतीला अजून अवकाश आहे. तुमच्या सासूबाईंच्या फडताळात एखादी बाटली आहे का ते मात्र आधी विचारा, आणि असली तर निम्मेच बी घ्या. आमच्या सासूबाईंना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. त्या झाडाजवळ बसून मिरच्या बोटांनी चाचपतात, उभी आहे की लोंबती ते पाहतात. गेल्या शिमग्यात त्यांनी माझ्याकडून बियाच्या तीन पुड्या बांधून घेतल्या. एक घरात राहिली, एक देवगडला गेली आणि तिसरी गडहिंग्लजला माझ्या आईकडे. आईचा परवाच फोन आला. जूनमध्येच लावलीत, म्हणाली, आणि छान तरारली आहेत.

पुढच्या आठवड्यात खारातल्या मिरच्या आणि कैऱ्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी लावण्याची सोय.