गाडी दुसऱ्याच्या हाती देताना…

सबमिशनच्या आदल्या रात्रीचं दृश्य आठवा. ग्रुप चौघांचा, पण लॅपटॉपसमोर बसलेला एकटाच. दुसऱ्यानं पाठवलेली फाइल अर्धवट, तिसऱ्याचा फोन बंद, चौथा ग्रुपवर फक्त अंगठा दाखवून गायब. 'पुढच्या वेळी सगळं मी एकटाच करणार' हे वाक्य त्या रात्री तुम्हीही म्हटलं असेल. राग खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यातून आपण काढतो तो निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. का, ते सांगायला तुम्हाला जरा फ्रान्सला नेतो.

तिथे 'ल मां' नावाच्या शहरात १९२३ पासून २४ तासांची मोटार शर्यत होते. दुपारी सुरू, दुसऱ्या दिवशी दुपारी समाप्त. सुमारे साडेतेरा किलोमीटरची एक फेरी आणि सरळ रस्त्यावर ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेग. २०१० मध्ये जिंकलेल्या ऑडीनं ५,४१० किलोमीटर कापले. मुंबई-पुणे अंतर दीडशे किलोमीटर धरलं, तर एका दिवसात छत्तीस वेळा! अर्थात हे एकट्याच्यानं होत नाही. एका गाडीत तीन ड्रायव्हर आळीपाळीनं बसतात. कुणी किती तास चालवायचं, यावर नियमानंच मर्यादा आहे. म्हणजे इथे 'मी एकटाच करतो' म्हणायची सोयच नाही.

या शर्यतीचा सगळ्यात यशस्वी माणूस कोण? डेन्मार्कचा टॉम क्रिस्टेन्सन. १९९७, मग २००० ते २००५ सलग सहा वेळा, २००८ आणि २०१३. एकूण नऊ विजेतेपदं. एवढी आजवर कुणालाच जमलेली नाहीत. तरी आपल्यापैकी वीकेंडला फॉर्म्युला वन न चुकता बघणाऱ्या अनेकांना हे नाव ठाऊक नसतं. कारण फॉर्म्युला वनच्या एकाही शर्यतीत तो उतरला नाही. जर्मनी आणि जपानची फॉर्म्युला थ्री विजेतेपदं त्याच्याकडे होती, फॉर्म्युला वन गाड्यांच्या चाचण्याही त्यानं केल्या. सीट मात्र मिळाली नाही.

१९९७ मध्ये ल मांचं बोलावणं आलं, तेही शर्यतीला अगदी थोडे दिवस उरले असताना. वय २९. जोडीदार मिकेले आल्बोरेटो आणि स्टेफान योहान्सन, दोघंही फेरारीकडून फॉर्म्युला वन खेळलेले. या नवख्यानं त्या शर्यतीतली सगळ्यात वेगवान फेरी मारली आणि तिघं जिंकले. 'तिघं' हा शब्द महत्त्वाचा. त्याच्या नऊच्या नऊ ट्रॉफ्यांवर दुसऱ्या कुणाचा तरी तेवढाच हक्क आहे.

आता गाडी बदलायचा तो क्षण डोळ्यांपुढे आणा. गाडी पिटमध्ये थांबते, चालवणारा उतरतो, पुढचा आत शिरतो. उतरलेला ड्रायव्हर लगेच पाणी प्यायला पळत नाही. तो वाकून पुढच्याचे पट्टे आवळायला मदत करतो. सीट कुणा एकाच्या मापाची नसते, गाडीची रचनाही तिघांना चालेल अशी ठेवावी लागते. म्हणजे ती कुणालाच शंभर टक्के मनासारखी नसते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खरं बोलावं लागतं. मागचे टायर संपत आलेत, ब्रेक उशिरा लागतोय, मघाशी माझ्याकडून गाडी कडेला घासली. यातलं काही लाजेखातर लपवलं, तर त्याची किंमत पुढचा माणूस मोजतो, तीही ताशी ३०० च्या वेगात.

इथे आपण मार खातो. आपला प्रॉब्लेम काम वाटून घेण्यात नाहीये, काम सोपवण्यात आहे. 'माझ्याच्यानं होत नाहीये' हे मंगळवारी सांगायचं, ते आपण रविवारी रात्री अकराला सांगतो. किंवा सांगतच नाही.

तुम्ही म्हणाल, 'पण फुकट्यांचं काय?' बरोबर आहे. मीही त्यांची बाजू घेत नाही. व्यावसायिक रेसिंगमध्ये प्रत्येकाची प्रत्येक फेरी मोजली जाते, सेन्सर सगळं दाखवतात, आणि कामचुकाराला सीट मिळत नाही. विश्वास म्हणजे डोळे मिटणं नव्हे. कुणी काय केलं याची नोंद ठेवा, न करणाऱ्याचं नाव काढा. पण चूक करणारा आणि काम टाळणारा यांना एकाच दोरीनं बांधू नका.

२००७ चं बघा. क्रिस्टेन्सन त्या वर्षी दुसऱ्या एका शर्यतीतल्या भीषण अपघातातून सावरून ल मांला आला होता. जोडीला डिंडो कापेलो आणि अॅलन मॅकनिश. गाडी सर्वांत पुढे होती. रविवारी सकाळी, कापेलो चालवत असताना, तिचं एक चाक निखळलं. सगळं संपलं. पुढच्या वर्षी हेच तिघं पुन्हा एका गाडीत बसले. प्यूजोच्या गाड्या फेरीमागे स्पष्टपणे वेगवान होत्या, पाऊसही आला, आणि तरी जिंकले ते हे तिघं. 'तुझ्या वेळेला चाक गेलं होतं' हा हिशेब कुणी काढत बसलं असतं, तर २००८ झालंच नसतं.

२०१३ चा नववा विजय तर साजरा करण्यासारखाही नव्हता. शर्यत सुरू झाल्यावर काही मिनिटांतच दुसऱ्या गाडीतला डॅनिश ड्रायव्हर अॅलन सिमोन्सन अपघातात गेला. क्रिस्टेन्सननं तो विजय त्याला अर्पण केला. या खेळात चूक आणि नशीब यांची किंमत किती असू शकते, हे त्या दिवशी साऱ्यांना दिसलं. म्हणूनच तिथे माणसं एकमेकांचे पट्टे स्वतःच्या हातानं आवळतात.

दहावीपासून आपल्याला रँक एकट्याची मिळते. पण नोकरी, लॅब, नाटक, स्टार्टअप, घर, पुढचं जवळपास सगळं तीन ड्रायव्हरच्या गाडीसारखंच आहे. कुणीतरी अर्धवट सोडलेलं आपण उचलणार, आपण अर्धवट सोडलेलं दुसरा उचलणार. क्रिस्टेन्सन जिंकत असताना अनेक तास गाडी दुसऱ्याच्या हातात होती आणि तो बाहेर उभा होता. हे बाहेर उभं राहणं आपल्याला कुणी शिकवत नाही.

म्हणून पुढच्या ग्रुप प्रोजेक्टला एकच करून बघा. आपला भाग पुढच्याला देताना फाइलसोबत चार खऱ्या ओळी लिहा: काय झालंय, काय राहिलंय, कुठे शंका आहे, माझ्याकडून काय चुकलंय. आणि पाठवून झाल्यावर लगेच झोपू नका. पुढचा नीट बसलाय का, तेवढं बघा.