स्कोडा : "देश विकला" आणि "कारखाना तारला", दोन अर्धसत्यांचा पंचनामा

१/ ३० मे २००० रोजी फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने चेक सरकारकडे उरलेला हिस्सा विकत घेतला आणि स्कोडा शंभर टक्के परकीय झाली. या व्यवहाराविषयी दोन घोषणा सतत कानी पडतात. "देश विकला" ही एक आणि "परकीयांनी बुडती नौका तारली" ही दुसरी. इतिहास दोहोंच्याही बाजूने साक्ष देत नाही.

२/ या कथेचा आरंभ भाषेच्या अपमानातून झाला. १८९४ साली म्लादा बोलेस्लाव येथील पुस्तकविक्रेता वात्स्लाव क्लेमेंट याने आपल्या नादुरुस्त सायकलीविषयी जर्मन उत्पादकाच्या शाखेला चेक भाषेत पत्र धाडले. उत्तर हवे असल्यास समजेल अशा भाषेत लिहावे, असा उलट निरोप आला.

३/ पुढच्याच वर्षी क्लेमेंटने वात्स्लाव लॉरिन या कारागिराच्या साथीने स्वतःचा सायकल कारखाना काढला. सायकलीचे नाव ठेवले 'स्लाव्हिया'. नावातच अस्मिता होती. १८९९ मध्ये मोटारसायकली आल्या आणि १९०५ मध्ये पहिली मोटारगाडी.

४/ आता "देश विकला" म्हणणाऱ्यांसाठी एक अवघड प्रश्न : या संस्थापकांचे नाव पुसले कोणी? जर्मनांनी नव्हे. १९२४ च्या आगीने खचलेली ही कंपनी १९२५ मध्ये प्ल्झेन येथील बलाढ्य स्कोडा उद्योगात विलीन झाली. लॉरिन-क्लेमेंट हे नाव स्वकीयांच्याच हिशेबात मावळले. ज्या 'स्कोडा' नावासाठी आज अश्रू ढाळले जातात, ते मुळात खरेदीदाराचे नाव होते.

५/ तरीही जर्मन मालकाविषयीची भीती निराधार नव्हती. १९३९ ते १९४५ या काळात नाझी राजवटीने हा कारखाना युद्धासाठी राबवला आणि मे १९४५ मध्ये तो बॉम्बहल्ल्यात होरपळला. फोक्सवॅगनचा स्वतःचा जन्मही १९३७ सालच्या नाझी जर्मनीतला. ही स्मृती ताजी असणाऱ्या पिढीला हसणे हा अडाणीपणा होय.

६/ मात्र स्वदेशी मालकीचा काळही सोनेरी नव्हता. युद्धानंतर कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढील चार दशके बुद्धिमान अभियंते होते. परंतु पैसा आणि निर्णय नियोजकांच्या हाती होते. पश्चिम युरोप पुढे इंजिन असलेल्या गाड्यांकडे वळला असता येथे मागे इंजिन असलेल्या गाड्याच निघत राहिल्या. 'फाव्होरिट' हे आधुनिक मॉडेल यायला १९८७ साल उजाडले.

७/ १९८९ च्या मखमली क्रांतीनंतर भागीदाराचा शोध सुरू झाला. शेवटच्या फेरीत दोन दावेदार उरले : व्होल्वोला सोबत घेतलेली रेनो आणि फोक्सवॅगन. डिसेंबर १९९० मध्ये चेक सरकारने फोक्सवॅगनची निवड केली. फोक्सवॅगन, आउडी व सेआट यांच्या पंक्तीत स्कोडाला चौथे स्वतंत्र नाव म्हणून बसवण्याचे वचन त्यात होते.

८/ १६ एप्रिल १९९१ रोजी संयुक्त कंपनी सुरू झाली. जर्मनांचा हिस्सा केवळ ३० टक्के, राज्याचा ७०. कागदावर बहुमत सरकारचे होते. पण नवे तंत्र, भांडवल आणि बाजारपेठ या तिन्ही गोष्टींच्या किल्ल्या अल्पमतातील भागीदाराकडे होत्या.

९/ १९९३ मध्ये याचा प्रत्यय आला. स्वतः अडचणीत सापडलेल्या फोक्सवॅगनने स्कोडासाठीच्या १.४ अब्ज मार्कांच्या कर्जव्यवहारातून ऐनवेळी अंग काढून घेतले. गुंतवणुकीच्या आश्वासनांना कात्री लागली. प्रागमध्ये संताप उसळला, पण आता दारात दुसरा दावेदार उभा नव्हता. ७० टक्के मालक असूनही सरकार हतबल होते.

१०/ त्यानंतरचा क्रम बोलका आहे : १९९४ मध्ये ६०.३ टक्के, १९९५ मध्ये ७० आणि २००० मध्ये १००. म्हणजे २००० सालची सही ही केव्हाच लागलेल्या लग्नाची नोंदणी होती. ज्यांना त्या दिवशी स्वाभिमान आठवला, त्यांना सात वर्षे उशीर झाला होता.

११/ "तारली" म्हणणारे विक्रीचे आकडे पुढे करतात. १९९१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली विक्री २००० मध्ये सव्वाचार लाखांपलीकडे गेली. २०१४ मध्ये तिने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. आकडे खरे आहेत. परंतु परकीय मालकी हेच जर त्यांचे कारण असेल, तर स्वीडनच्या साबचे काय झाले?

१२/ साबची मोटार कंपनीही त्याच २००० साली पूर्णपणे परकीय झाली. मालक अमेरिकेची जनरल मोटर्स. तिने सुबारू आणि शेव्हरोलेच्या गाड्यांवर साबचे बोधचिन्ह चढवून त्या विकल्या. २०१० मध्ये कंपनी दुसऱ्याच्या गळ्यात मारली. पुढे चिनी खरेदीदार आले, तेव्हा आपले तंत्रज्ञान त्यांच्या हाती जाऊ देण्यास जनरल मोटर्सने नकार दिला. डिसेंबर २०११ मध्ये साबचे दिवाळे निघाले.

१३/ साल तेच, टक्केवारी तीच, शेवट मात्र परस्परविरुद्ध. म्हणून फरक मालकाच्या पारपत्रात शोधणे व्यर्थ आहे. समूहातील सामायिक तंत्रावर स्कोडाने १९९६ पासून ऑक्टाव्हियासारख्या स्वतःची ओळख असलेल्या गाड्या उभारल्या आणि तिचा विकास विभाग म्लादा बोलेस्लावमध्येच टिकला. साबची ओळख उसन्या गाड्यांत विरघळली आणि ज्ञानाची मालकीही हातची गेली.

१४/ या यशाची किंमतही लपवू नये. रोजगार, निर्यात आणि कौशल्य चेक भूमीत राहिले. नफ्यावरचा हक्क व अंतिम निर्णय वोल्फ्सबुर्गला गेले. नेमके काय दिले आणि काय मिळाले हे न सांगता केवळ "तारली" म्हणणे म्हणजे अर्धाच ताळेबंद वाचणे.

१५/ महाराष्ट्राला ही कथा दूरची नाही. २००१ पासून औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्यांची जुळणी होऊ लागली. २०१८ मध्ये फोक्सवॅगन समूहाने भारतातील मोहिमेचे नेतृत्व स्कोडाकडेच सोपवले. विकली गेलेली कंपनी येथे खरेदीदाराच्या वतीने धुरा वाहते. ज्ञान घरात टिकल्याचे हे फळ.

१६/ तेव्हा एखादी देशी कंपनी परक्या हाती जाताना झेंडे फडकवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. आराखडे कोठे तयार होणार? तंत्रज्ञानाचे हक्क कोणाकडे राहणार? दिलेला शब्द मोडला गेला, तर दुसरा पर्याय हाताशी असेल काय? हे प्रश्न पहिल्या सहीपूर्वीच विचारायचे असतात. शेवटच्या सहीच्या दिवशी उरतो तो केवळ समारंभ.